वजनकाटा आणि भाजणीचा डबा

सामानाचा हिशेब तिकीट काढतानाच करायचा असतो, हे आम्हाला जरा उशिराच कळलं. गेल्या दिवाळीत चांगीहून माणशी ३० किलो सामान ऐटीत चढवलं. मुस्तफातली चॉकलेटं, टायगर बाम, भाचरांचे बूट! मुंबई-नागपूर तिकीट मात्र स्वस्त मिळालं म्हणून वेगळं काढलेलं. तिथे माणशी १५च किलो! वरच्या प्रत्येक किलोचे पैसे मोजले आणि स्वस्ताई तिथेच संपली. सलग एकच तिकीट असतं तर बहुधा पुढेही आंतरराष्ट्रीय मर्यादाच चालली असती.

निघताना आई भाजणीचा डबा घेऊन उभी. "नको गं, वजन होईल," म्हटलं, तर काही न बोलता तिने तो परत फडताळात ठेवला. जेमतेम दोन किलोचा डबा.

आता आम्ही दोन्ही तिकिटांतली कमी मर्यादा धरतो. रिकामी बॅगच चार-पाच किलो खाते, ती आधी वजा. जास्तीचे किलो लागणारच असतील तर आधीच नेटवरून घेतो. काउंटरवर तेच महाग पडतात. (अमेरिकेला जाणाऱ्यांचं गणित निराळं, तिथे बॅगा मोजतात, साधारण २३ किलोची एक.)

यंदा परतीचे पाच किलो आईच्या नावावर आधीच घेऊन ठेवलेत.