पान्हा

गोठ्यात परका माणूस शिरला की गाय पान्हा चोरते, हे आमच्या आजीला पक्के ठाऊक होते. बाळंतिणीच्या खोलीत मात्र हे शहाणपण आपण विसरतो. आम्हीही विसरलो.

माहेरी आई नसल्यामुळे सूनबाईचे बाळंतपण गेल्या वर्षी काचीगुड्याच्या आमच्याच घरी झाले. भेटीस येणाऱ्यांची रीघ लागली. बाळ जरा रडले की कुणीतरी म्हणे, "दूध पुरत नाही वाटतं!" आम्ही त्यात सूर मिसळला आणि स्वतः जाऊन दुधाच्या भुकटीचा डबा आणला. तो पाहून तिचे डोळे भरून आले. त्या रात्री बाळ ओढीत राहिले, पण पान्हा फुटेना.

शास्त्र सांगते ते असे. बाळ चोखू लागले की मातेच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून दोन संप्रेरके रक्तात उतरतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करते. रात्री त्याचे प्रमाण अधिक असते, म्हणून रात्रीचे पाजणे मोलाचे. ऑक्सिटोसिन ते दूध पुढे लोटते; हाच आपला पान्हा. याच संप्रेरकाने गर्भाशय आकसते. पाजताना पोटात येणाऱ्या कळा त्याच्याच. बाळाच्या नुसत्या रडण्यानेही ते स्रवते. भीतीने, वेदनेने आणि मनस्तापाने मात्र अडते.

अमेरिकेत १९४८ साली नाइल्स न्यूटन या मातेने पतीच्या साहाय्याने स्वतःवरच प्रयोग केला. निवांतपणी बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळाले. पाय बर्फाच्या पाण्यात बुडवून किंवा भराभर गणिते विचारून तिला त्रास दिला, तेव्हा ९९ ग्रॅमच. त्याच त्रासात ऑक्सिटोसिन टोचले, तर १५३! दूध होतेच, वाट अडली होती.

आमच्या हैदराबादेत तार्नाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिचे एकेकाळचे संचालक डॉ. सी. गोपालन यांनी दाखवून दिले, की अर्धपोटी राहणाऱ्या मातादेखील बाळांना कित्येक महिने अंगावर पाजतात. मग खात्यापित्या घरांत दूध 'पुरत नाही', ते का?

आम्ही डबा उचलून ठेवला, भेटी थांबवल्या. बाळ मागेल तेव्हा पाजणे सुरू झाले. चौथ्या दिवशी सौ. बाहेर येऊन हळूच म्हणाल्या, "सुनेचा पदर भिजला हो!"

बाळाचे वजन वाढत नसेल, लघवी कमी होत असेल, तर डॉक्टरांकडे जावेच. पण वाचकहो, त्याआधी बाळंतिणीच्या खोलीत आपण काय बोललो, ते एकदा आठवून पाहावे.