इजिप्तचं टपाल: साहेब येण्याआधीचं

गैरसमज: इजिप्तला टपालखातं इंग्रजांनी दिलं.

आपल्याकडच्या अनुभवावरून आपण हे गृहीत धरतो. पण इंग्रजांनी इजिप्तचा ताबा घेतला १८८२ साली, आणि तिथलं सरकारी टपाल सुरू झालं २ जानेवारी १८६५ ला. हा दिवस तिथे आजही टपाल दिन म्हणून पाळतात. १८७४ साली बर्नमध्ये जागतिक टपाल संघाचा करार झाला, त्या संस्थापक देशांत आफ्रिकेतला इजिप्त एकटाच. कागदोपत्री तो तुर्की सुलतानाचा मांडलिक, तरी सही स्वतंत्र! इंग्रजांच्या अमलाखालचा हिंदुस्थान संघात गेला १८७६ साली.

गैरसमज: मग ते इजिप्तचा राज्यकर्ता खेदिव इस्माईल याने शून्यातून उभारलं.

तसंही नाही. (१८६५ साली तो खेदिवही नव्हता, ती पदवी त्याला १८६७ मध्ये मिळाली.) अलेक्झांड्रियातल्या इटालियन रहिवाशांची ‘पोस्टा युरोपेआ’ ही खासगी सेवा आधीच कैरोपर्यंत आणि नाईलच्या मुखाकडच्या गावांत पत्रं पोचवत होती. ती सुरू केली कार्लो मेराटी याने. इस्माईलने १८६४ च्या अखेरीस ती विकत घेतली आणि ती चालवणाऱ्या जाकोमो मुत्झीलाच खात्याचा प्रमुख नेमलं. चालता धंदा घेतला आणि जाणकार माणूसही हातचा जाऊ दिला नाही. या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय मला हाच वाटतो. सुरुवातीच्या टपाली शिक्क्यांवर इटालियन मजकूर दिसतो, तो यामुळेच. मात्र परदेशी टपाल कचेऱ्या काही लगेच हटल्या नाहीत. अलेक्झांड्रिया आणि पोर्ट सैदमधल्या फ्रेंच कचेऱ्या तर १९३१ पर्यंत चालू होत्या.

गैरसमज: पहिल्या तिकिटापासूनच पिरॅमिड.

१८६६ च्या पहिल्या तिकिटांवर नुसती नक्षी आणि अरबी लिपीतला तुर्की मजकूर होता. स्फिंक्स आणि पिरॅमिड अवतरले पुढच्या वर्षी. मग मात्र ही जोडी १९१४ पर्यंत हलली नाही.

गैरसमज: सुएझ कालवा झाला म्हणून मुंबईची डाक इजिप्तमार्गे जाऊ लागली.

कालवा खुला झाला १८६९ मध्ये. त्याआधी तीसेक वर्षं विलायतेची डाक अलेक्झांड्रियाला उतरायची, नाईलमार्गे कैरोला यायची आणि तिथून उंटांवर लादून सुएझला, मुंबईच्या बोटीवर चढायची. १८५८ मध्ये कैरो-सुएझ लोहमार्ग झाला आणि उंटांची गरज संपली. कालवा झाल्यावरही ही डाक कित्येक वर्षं रेल्वेनेच इजिप्त ओलांडत होती.