मद्यद्राक्षांची लागवड
वाइन तयार करण्यासाठी व्हायटिस व्हिनिफेरा या जातीतील विशिष्ट प्रकारांची केली जाणारी लागवड. खाण्याच्या द्राक्षांत मोठा मणी व भरघोस उत्पादन यांना महत्त्व असते; मद्यद्राक्षांत मात्र रसातील शर्करा व अम्लता आणि सालीतील रंगद्रव्ये, टॅनिने व सुवासिक द्रव्ये यांचा समतोल साधावा लागतो. लहान मण्यात रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक असते. त्यामुळे मणी फुगविण्यासाठी खाण्याच्या द्राक्षांना देण्यात येणारे जिबरेलिक अम्ल या पिकाला त्या हेतूने देत नाहीत. महाराष्ट्रात नाशिक जिल्हा या लागवडीचे प्रमुख क्षेत्र असून शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यॉन, शेनिन ब्लां व सोव्हिन्यॉन ब्लां हे तेथील महत्त्वाचे प्रकार होत.

हवामान व छाटणी : यूरोपात वेल हिवाळ्यात सुप्तावस्थेत जाते, वसंत ऋतूत फुटते व शरद ऋतूच्या सुमारास तिची फळे काढणीस येतात. नाशिक येथे (सु. २०° उ. अक्षांश) तिला खरी सुप्तावस्था येत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करून तिचे चक्र बसवितात. एप्रिलच्या सुमारास केलेल्या खरड छाटणीनंतर येणाऱ्या नव्या काड्यांच्या डोळ्यांत सूक्ष्म घडांची निर्मिती होते. पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फळछाटणी करतात व जानेवारी ते मार्चमध्ये घड पक्व होतात. दिवसाच्या उन्हात शर्करा वाढते, तर थंड रात्रींमुळे मॅलिक अम्लाचा ऱ्हास मंदावतो. फळछाटणी लवकर झाल्यास कोवळी फूट परतीच्या पावसात सापडून केवडा रोगाला बळी पडते. उशिरा झाल्यास पक्वता उन्हाळ्याच्या तोंडावर जाऊन शर्करा झपाट्याने वाढते, अम्लता घटते व सुवास पुरेसा विकसित होत नाही. अशा रीतीने छाटणीच्या तारखेवर मद्याची प्रत बरीच अवलंबून असते.

जमीन व पाणी : उत्तम निचऱ्याची मध्यम जमीन योग्य ठरते. भारी जमीन, जादा नत्र व मुबलक पाणी यांमुळे पालेवाढ जोमाने होऊन घडांवर दाट सावली पडते. मणी रंगू लागल्यावर ठिबक सिंचनाचे पाणी बेताने कमी करून वेलीला सौम्य ताण देतात. ताण तीव्र झाल्यास पाने गळतात व पक्वता खुंटते.

वळण : मांडवाऐवजी उभ्या तारांवर फुटी बांधण्याची पद्धत सोयीची असते. ओळी दक्षिणोत्तर असल्यास सकाळच्या उन्हाच्या बाजूची काही पाने काढतात. त्यामुळे घडांना उजेड व हवा मिळून भुरी रोगाला आळा बसतो. दुपारच्या बाजूची पाने राखल्याने मणी करपत नाहीत.

उत्पादन व काढणी : वेलीवर घड फार झाल्यास पक्वता लांबते व रस पातळ होतो, म्हणून घडांची विरळणी करतात. विरळणीने वजन घटत असल्याने केवळ वजनावर भाव ठरल्यास बागाईतदाराचे नुकसान होते. प्रतीनुसार भाव मिळाला, तरच ती त्याला परवडते. काढणीपूर्वी शर्करा, अम्लता व पीएच मूल्य वेळोवेळी तपासतात. तांबड्या मद्यासाठी साधारणपणे २२ ते २४ ब्रिक्स शर्करा असताना, तर फसफसणाऱ्या मद्यासाठी त्याहून आधी घड काढतात. रस आंबू नये म्हणून काढणी पहाटेच्या थंडाव्यात करून घड लगेच मद्यनिर्मितीगृहात पोहोचवितात.