सेल्फ फिरतो, पण इंजिन पेटत नाही (जुन्या डिझेल गाड्या : भाग ६)

बॅटरी आणि सेल्फ यांचा विचार गेल्या आठवड्यात झाला. आता पुढची अडचण: सेल्फ दमदार फिरतो, पण गाडी चालू होत नाही. अशा वेळी गॅरेजमध्ये पहिला हात बहुधा पंपाला किंवा नोझलला जातो. माझ्या मते तो सर्वांत शेवटी जायला हवा. जुन्या व्हॅनमध्ये आधी संशय घ्यावा तो टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेचा, आणि तो खरा की खोटा हे महागडे काहीही न उघडता ठरवता येते.

टेम्पो ट्रॅव्हलरचे जुने इंजिन घ्या. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे २००५ नंतरच्या फोर्स मोटर्सने, मर्सिडीजच्या परवान्यावर बनवलेले हे २.४ लिटरचे ओएम ६१६. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. इथे हवा सुमारे एकविसाव्या हिश्श्यात दाबली जाते, त्या दाबाने तापते आणि डिझेलचा फवारा तिच्यात पेटतो. म्हणून प्रश्न दोनच उरतात: उष्णता कमी पडते आहे, की डिझेल पोचत नाही? सेल्फ मारताना कुणाला तरी सायलेन्सरच्या बाजूला उभे करा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत जाते आहे, पण न जळता वाफ होऊन बाहेर पडते आहे. मग हीटर प्लग तपासावेत. जुन्या धाटणीचे प्लग एका ओळीत जोडलेले असतात, त्यामुळे एक जळाला की सगळेच थंड राहतात. धूर मुळीच नसेल, तर डिझेल पोचतच नाही. इंजिन बंद करण्याची तार ओढलेल्या जागी अडकली नाही ना, एवढे पाहून घ्यावे आणि थेट एअरच्या मागे लागावे.

एअर का, याला कारण आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढले जाते, ढकलले जात नाही. शहाळ्यातल्या नळीला भोक पडले की पाणी बाहेर सांडत नाही, हवा आत येते. इथेही तसेच होते. वर्षानुवर्षे कडक झालेला रबरी पाइप किंवा चेपलेला वॉशर हवा घेतो, पण बाहेर ओल दिसत नाही. रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरते. नोझल उघडायला शंभराहून अधिक बार दाब लागतो, आणि पाइपात हवा असेल तर पंपाची सगळी मेहनत ती हवा दाबण्यातच जाते.

यावर कुणी म्हणेल, धूर नसणे म्हणजे पंपही गेलेला असू शकतो. बरोबर आहे, पण त्याचा निवाडा एका कॅनने होतो. स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनाहून उंच टांगावा, त्याची नळी थेट फीड पंपाला जोडावी, हँड प्रायमरने एअर काढावी आणि सेल्फ मारावा. गाडी चालू झाली तर पंप, नोझल, कॉम्प्रेशन तिघेही निर्दोष. दोष मागच्या पाइपात किंवा टाकीतल्या जाळीत. याउपर चालू झाली नाही, तर पंप खुशाल उतरवावा. दुसरा आक्षेप वयाचा: एवढ्या जुन्या इंजिनाचे कॉम्प्रेशन संपलेच असणार. पण झीज महिनोन्‌महिने सांगत येते. सकाळचे सेल्फ लांबत जातात, चालू झाल्यावर पांढरा धूर रेंगाळतो. काल संध्याकाळी एका सेल्फमध्ये चालू झालेली गाडी आज ठप्प असेल, तर दोष कॉम्प्रेशनवर ढकलणे मला पटत नाही.

इंजिन चालू करून तर पाहू, म्हणून हवेच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरणे किंवा स्प्रे मारणे हा सर्रास चालणारा उपाय मात्र घातक आहे. हीटर प्लग लाल असताना ती वाफ पिस्टन वर पोचण्याआधीच भडकते. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड दुखावतात, आणि बोळा धरणाऱ्याचा हातही भाजतो. शिवाय त्यातून कळत काहीच नाही, कारण पेट्रोलवर दोन ठोके देणारे इंजिन डिझेल कुठे अडले ते सांगत नाही.