लग्नाचा व्हिडिओ बारीक करताना

ताईच्या लग्नाचा फोर-के व्हिडिओ पेन ड्राइव्हवर मावेना, म्हणून हँडब्रेक हे व्हिडिओ एन्कोड करायचं सॉफ्टवेअर उघडलं. (मोफत आहे, बिनधास्त घ्या.) आधीच सांगतो, पुन्हा एन्कोड केलं की थोडी क्वालिटी जातेच, ती डोळ्याला जाणवू द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात. बिटरेट ठोकून देऊ नका, ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ निवडा. १०८०पी आणि एक्स२६४ एन्कोडर असेल तर आरएफ, म्हणजे या क्वालिटीचा आकडा, २० ते २४. आकडा लहान, तितकं चित्र चांगलं आणि फाइल जाड. मी फोर-केचं १०८०पी केलं आणि २० वरच थांबलो. मेहंदीच्या रात्रीचा अंधारा कोपरा मात्र आधी मिनिटभर एन्कोड करून बघा, चौकोनी ठोकळे पहिले तिथेच उमटतात! नुसतं एमकेव्हीचं एमपी४ हवंय? मग एन्कोड कशाला, एफएफएमपेग या टूलचा ‘कॉपी’ पर्याय चित्राला हातही लावत नाही.