साखर उतरते तेव्हा

वाढलेली साखर रक्तवाहिन्या खराब करते, हे मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाने ऐकलेले असते. उतरलेल्या साखरेचा त्रास मात्र घाम, थरथर आणि चक्कर एवढ्यावरच संपला असे मानले जाते. ते खरे नाही.

१०० मिलिलिटर रक्तात साखर ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी झाली की शरीर ॲड्रेनलिन सोडते. छातीतली धडधड त्याचीच. त्याच वेळी वरचा रक्तदाब चढतो, रक्तातले बिंबाणू (प्लेटलेट) चिकट होतात, गुठळी होण्याकडे कल वाढतो. रक्तवाहिनीचे आतले अस्तर तिला सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड नीट पुरवू शकत नाही, दाह वाढतो. पोटॅशियम घटल्याने हृदयाची लयही बिघडू शकते. तरुण, लवचीक रक्तवाहिन्या हे सोसतात; वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने कडक झालेल्या, आत चरबीचे थर साचलेल्या वाहिन्यांना ते जड जाते.

अमेरिका आणि कॅनडातल्या १०,२५१ रुग्णांच्या ‘ॲकॉर्ड’ चाचणीत निम्म्यांची एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी टक्केवारी, ६ च्या खाली आणण्याचा प्रयत्न झाला. २००८ मध्ये तो वेळेआधीच थांबवावा लागला: या गटात २५७ मृत्यू झाले होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात २०३. हे जादा मृत्यू साखर उतरल्यानेच झाले, असे सिद्ध झालेले नाही. पण साखर गंभीरपणे उतरलेल्यांना धोका अधिक, हे दोन्ही गटांत दिसले.

इन्सुलिनने आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी साखर गरजेपेक्षा खाली उतरू शकते. एकट्या मेटफॉर्मिनने क्वचितच. नेहमीची गोळी घेऊन एकादशी कडक पाळणे किंवा आगाशी गावातून विरार स्टेशन गाठून उपाशीपोटी लोकल पकडणे, हे साखर अशी उतरण्याचे नेहमीचे निमित्त. अशा वेळी आगाशीची सुकेळी हाताशी असली, तरी पहिला उपाय ती नव्हे. सुकेळी म्हणजे वाळवलेले राजेळी केळे; त्यात साखर भरपूर असते, पण ते चावावे लागते आणि तंतूंमुळे साखर रक्तात हळू मिसळते. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे, कमीच असल्यास पुन्हा घ्यावी. सुकेळी किंवा जेवण त्यानंतर. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही घालू नये. थेट दवाखाना गाठावा.

साखर एकदा जरी अशी उतरली, तरी डॉक्टरांना सांगावे, म्हणजे मात्रा बदलता येते. वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्या अनेक रुग्णांसाठी एचबीए१सी ७ च्या खाली आणण्याचा आग्रह आता डॉक्टर धरत नाहीत. ८ पर्यंतही चालते.