हृदयाविना चढणारं पाणी

बेडकाला हृदयं किती असतात? रक्त खेळवणारं एक, हे आपण शाळेत शिकलो. पण त्याच्या अंगात आणखी चार लहानगी हृदयं धडधडत असतात आणि त्यांचा रक्त खेळवण्याशी काही संबंध नसतो. योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हा शोध छापला, तेव्हा वाचणाऱ्यांच्या भुवया उंचावल्या असतील. ही चार हृदयं लसीका ढकलतात. लसीका म्हणजे शरीराच्या पेशींभोवती साचणारं आणि तिथून परत न्यावं लागणारं पाणी.

माणसाला यातलं एकही हृदय नाही. मग सकाळपासून शेतात उभ्या असलेल्या बाईच्या पावलातलं पाणी तिच्या मानेपर्यंत चढवतं कोण?

आधी हे पाणी येतं कुठून ते पाहू. आपल्या रक्तात पेशी सोडून जो पातळ द्रव असतो, तो साधारण तीन लिटर. सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून तो सतत पाझरत असतो आणि दिवसभरात पाझरून बाहेर पडतो सुमारे आठ लिटर! साठा तीनाचा आणि गळती आठाची. परतीची वाट नसती, तर दुपारपर्यंत रक्त घट्ट होऊन आपला कारभार आटोपला असता.

अर्नेस्ट स्टार्लिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये या पाझराचं गणित मांडलं. त्यावरून पाठ्यपुस्तकं शंभर वर्षं सांगत राहिली की बहुतेक पाणी त्याच बारीक रक्तवाहिन्यांत थोडं पुढे जाऊन परत शिरतं आणि उरलंसुरलं तेवढं लसीकावाहिन्या नेतात. २०१० मध्ये लेविक आणि मिशेल या दोघांनी सगळे पुरावे पुन्हा मांडले आणि चित्र उलटलं. बहुतेक अवयवांत ते पाणी तसं परत शिरतच नाही. जवळजवळ सगळा भार लसीकावाहिन्यांवर असतो! वाटेतल्या लसीकाग्रंथींमध्ये निम्मंअर्धं पाणी रक्तात परत जातं आणि उरलेलं, रोजचं सुमारे चार लिटर, मानेच्या तळाशी शिरेत ओतलं जातं.

निचऱ्याचं मोल अहिल्यानगर जिल्ह्यातल्या प्रवरेच्या लाभक्षेत्राला वेगळं सांगावं लागत नाही. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं. ओझरच्या बंधाऱ्यातून निघालेल्या कालव्यांनी पाणी राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे नेलं आणि ऊस उभा राहिला. पण भारी काळ्या जमिनीला पाणी येण्याची वाट मिळाली, जाण्याची मिळाली नाही, तिथे काय झालं? भूजल वर आलं, त्याच्याबरोबर क्षार वर आले. उन्हाने पाणी उडून गेलं, क्षार मागे राहिले. चांगली रानं खारवट झाली, चोपण झाली. असं रान नुसतं पाणी तोडून सुधारत नाही. खोल चर काढावे लागतात किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकावे लागतात.

शरीरातही पाण्याबरोबर काहीतरी येतं, ते म्हणजे प्रथिनं. त्यांचे रेणू एवढे मोठे असतात की रक्तवाहिनीत ते थेट परत शिरू शकत नाहीत. त्यांना बाहेर काढणारी वाट एकच, लसीकावाहिनी. ती तुंबली की पाण्याबरोबर प्रथिनंही तुंबतात, आणखी पाणी धरून ठेवतात, तिथे दाह सुरू होतो. महिनोन्महिने असं चाललं की त्या जागी तंतू वाढतात, चरबी साठते आणि बोटाने दाबल्यावर खळगा पडणारी मऊ सूज हळूहळू टणक होते. म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळ्या इथे फारशा कामाच्या नाहीत. त्या पाणी काढतात, प्रथिनं तिथेच राहतात. पाय सुजला की दुकानातून ‘पाण्याची गोळी’ आणून घेणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

आता या वाहिन्यांच्या टोकाशी जाऊ, कारण खरी कमाल तिथे आहे. लसीकावाहिनीचं सुरुवातीचं टोक बंद असतं. तिच्या भिंतीतल्या पेशींच्या कडा एकमेकींवर चढलेल्या असतात आणि मध्ये सुट्या फटी असतात. बाहेरून दाब आला की कडा आत झुकतात आणि पाणी शिरतं, आतून दाब आला की त्या मिटतात. याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. या पेशी अतिसूक्ष्म तंतूंनी आजूबाजूच्या उतींना बांधलेल्या असतात. उतींत पाणी वाढलं, त्या फुगल्या, की तंतू ताणले जातात आणि फटी आणखी उघडतात. म्हणजे सूजच निचऱ्याची तोंडं रुंदावते! रक्तवाहिनी अशा फुगाऱ्यात दबून बारीक होते. ही मात्र दबायच्या ऐवजी उघडते.

पुढच्या मोठ्या वाहिन्यांत ठरावीक अंतरावर एकदिशी झडपा असतात. दोन झडपांमधला प्रत्येक तुकडा स्वतःच्या स्नायूंनी मिनिटाला काही वेळा आकुंचन पावतो आणि पाणी वरच्या तुकड्यात सारतो. मेंदूचा हुकूम यायची तो वाट पाहत नाही; ठेका त्याच्याच भिंतीत जन्मतो. चालताना पोटरीचे स्नायू त्याला दाबतात, प्रत्येक श्वासागणिक छातीतला दाब बदलतो आणि पाणी वर खेचलं जातं. तर आपल्याला लसीकेचं हृदय नाही हे खरं, पण तिची प्रत्येक वाहिनी धडधडते. आत्ता, हे वाचताना, तुमच्या पायातही.

एवढी मोठी व्यवस्था इतकी शतकं दिसली कशी नाही? कारण लसीका पाण्यासारखी नितळ आणि वाहिन्यांच्या भिंती पातळ. २३ जुलै १६२२ रोजी मिलानमध्ये गास्पारे असेल्ली नावाचा वैद्य एका कुत्र्याचं विच्छेदन करत होता. आतड्याच्या पडद्यावर त्याला पांढऱ्या दोऱ्या दिसल्या. मज्जातंतू असतील म्हणून त्याने एक कापली, तर दुधासारखा द्रव उसळला. दुसऱ्या कुत्र्यात पाहायला गेला, तर काहीच नाही. फरक कशाचा? पहिला कुत्रा जेवलेला होता, दुसरा उपाशी. जेवणातली चरबी आतड्यातून थेट रक्तात जात नाही, ती लसीकेत उतरते. पुरणपोळीवर घेतलेलं तूपही बहुतांशी याच वाटेने छातीतून वर चढून डाव्या बाजूला, मानेच्या तळाशी रक्तात मिसळतं. असेल्लीला मात्र ही वाट यकृताकडे जाते असं वाटलं. तिचा खरा मार्ग झाँ पेके या फ्रेंच तरुणाने १६५१ मध्ये दाखवला.

मेंदूच्या आवरणातल्या लसीकावाहिन्यांची गोष्ट तर याहून लांबली. पाओलो मास्कान्यी याने त्या १७८७ मध्ये नोंदवल्या होत्या. कोणी मानलं नाही. मेंदूला लसीकावाहिन्या नसतात हेच पुढच्या पिढ्या शिकल्या. अखेर २०१५ मध्ये अमेरिका आणि फिनलंडमधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे उंदरांमध्ये त्या पुन्हा शोधल्या. सव्वादोनशे वर्षं!

लसीकाग्रंथी मात्र आपल्या खेड्यापाड्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. पायात काटा मोडतो, जखम चिघळते आणि दोन दिवसांनी जांघेत अवधाण उठतं. जखम पावलात, मग गाठ जांघेत का? कारण पायाची लसीका वर जाताना जांघेतल्या ग्रंथींतून गाळली जाते. तिच्याबरोबर आलेले जंतू तिथे अडवले जातात आणि पांढऱ्या पेशींची झुंज सुरू झाली की गाठ दुखरी होते.

आणि जंतूंची झडती होते, नेमक्या त्याच वाटेवरच्या वाहिन्यांत एक प्राणी वर्षानुवर्षं सुखाने संसार थाटतो. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी, हत्तीरोगाचा कृमी. मादी आठ ते दहा सेंटिमीटर लांब, जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. १९९०च्या दशकात ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीत हे जिवंत कृमी वाहिनीच्या आत सतत वळवळताना पाहिले. त्यांच्या वस्तीने वाहिनी फुगते, झडपांच्या कडा एकमेकींना भिडेनाशा होतात, वर चढवलेलं पाणी खाली घसरतं.

मादी रोज हजारो पिल्लं सोडते. ती रक्तात येतात, पण दिवसा सापडत नाहीत. दिवसभर ती फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान, कातडीजवळच्या रक्तात उतरतात. का? कारण हा आजार पसरवणारा क्युलेक्स डास रात्री चावतो! पॅसिफिक महासागराच्या काही बेटांवर तो पसरवणारा डास दिवसा चावतो, आणि तिथल्या कृमींची पिल्लं दिवसाही रक्तात हिंडतात. त्यांना घड्याळ कोणी दाखवलं? आपल्याकडची पिल्लं रात्रीच सापडतात, म्हणून तर हत्तीरोग पथकाचे कर्मचारी रात्री साडेआठनंतर घरोघरी जाऊन बोटातून रक्त घेतात, आणि म्हणून ‘रात्र चिकित्सालय’ नावाची सरकारी सोय आहे. झोपेतून उठवल्याबद्दल त्यांच्यावर चिडणाऱ्यांना हे कारण कळलं, तर बहुतेक जण आपणहून बोट पुढे करतील.

या कृमीची पिल्लं डासाच्या पोटात असतात हे पॅट्रिक मॅन्सनने १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉयला पाहिलं. कीटक माणसाच्या रोगाचा जंतू पोटात वाढवतो याचा तो पहिला पुरावा. रोनाल्ड रॉसचा सिकंदराबादचा मलेरियाचा शोध त्यानंतर वीस वर्षांनी आला, आणि रॉसला त्या वाटेवर लावणारा मॅन्सनच.

महाराष्ट्रात हत्तीरोगाचा जोर विदर्भात. सोलापूर, लातूर, नांदेड, जळगाव, ठाणे, सिंधुदुर्ग हेही त्या यादीत येतात. अहिल्यानगर नाही, पण सोलापूर तर अहिल्यानगरच्या शिवेला लागून आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराच्या रक्ततपासणीवर दशकानुदशकं काम केलं. रुग्णाच्या रक्तातली पिल्लं प्रयोगशाळेत जिवंत ठेवायची, ती भोवतालच्या द्रवात जी प्रथिनं सोडतात ती गोळा करायची आणि त्यांच्या आधारे आजाराची खूण पटवायची. पिल्लू दिसलंच पाहिजे, ही अट त्यामुळे उरत नाही.

औषधाची कथाही आपल्या माणसाशी जोडलेली आहे. डायइथिलकार्बामाझिन, म्हणजे गावोगाव वाटली जाणारी डीईसीची गोळी, १९४७ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेतून पुढे आली. तिथल्या संशोधनाची धुरा तेव्हा यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. ही गोळी काचेच्या बशीतल्या कृमीच्या पिल्लांवर जवळजवळ काहीच करत नाही. माणसाच्या शरीरात गेली, आपल्याच पेशींची साथ मिळाली, की ती त्यांचा फडशा पाडते. आणि दिवसा एक मात्रा दिली, तर फुप्फुसात दडलेली पिल्लं तासाभरात बाहेर रक्तात येतात! २०१९ च्या सुरुवातीला नागपूर जिल्ह्यात डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या जोडीला आयव्हरमेक्टिन देऊन तिहेरी औषधांची मोहीम झाली. देशात ती सुरू करणाऱ्या पहिल्या काही जिल्ह्यांत नागपूर होतं.

कृमी मेले तरी सुजलेला पाय पूर्ववत होत नाही, आणि तो पुढे वाढतो तो बहुतेकदा कृमीमुळे नाहीच. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी चिरते, तिथून साधे जंतू शिरतात. निचरा बिघडलेल्या पायात त्यांना अडवणारं कोणी वेळेवर पोचत नाही. थंडी वाजून ताप, पाय लाल, गरम. असा प्रत्येक हल्ला उरलेल्या वाहिन्यांतल्या आणखी काही बंद पाडून जातो. म्हणून रोज साबणाने पाय धुणं, बेचक्या कोरड्या करणं, चिरांना मलम लावणं, बसल्यावर पाय उंच ठेवणं आणि घोटा हलवत राहणं ही खरीखुरी चिकित्सा आहे. तिने हल्ले कमी होतात हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. सरकारी केंद्रांतून रुग्णांना टब, मग, साबण, टॉवेल दिला जातो तो यासाठी.

लसीका तुंबून आलेली सूज ओळखायची एक युक्तीही आहे. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूची कातडी चिमटीत धरा. जाड होऊन ती उचललीच जात नसेल, तर लसीकासूज असण्याची शक्यता मोठी. रॉबर्ट स्टेमर यांनी १९७६ मध्ये ही खूण सांगितली. कातडी चिमटीत आली म्हणजे आजार नाहीच, असं मात्र नव्हे.

जिथे कृमी नाही तिथे लसीकासूज बहुतेकदा येते कॅन्सरच्या उपचारांमागून. स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या ग्रंथी काढल्या, तिथे किरणोपचार दिले, की हाताचा निचरा तुटतो. सूज महिन्यांनी येईल किंवा वर्षांनी. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या शल्यविशारदांनी २०१३ मध्ये एका सुटसुटीत पर्यायाचे निष्कर्ष छापले. काखेचा फक्त खालचा ठरावीक भाग काढून तपासायचा. तिथे कॅन्सर नसेल तर वरच्या ग्रंथींना हात लावायचा नाही. किरणोत्सर्गी द्रव्य किंवा महागडं यंत्र नसलेल्या रुग्णालयालाही हे जमतं.

काखेतल्या ग्रंथी काढलेल्या बायकांना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की त्या हाताने जड काही उचलू नका. २००९ मध्ये कॅथरीन श्मित्झ यांच्या गटाने सूज असलेल्या १४१ स्त्रियांवर ते तपासलं. निम्म्या जणींनी घट्ट बाही घालून, देखरेखीखाली, थोडं थोडं वजन वाढवत व्यायाम केला. त्यांची सूज वाढली नाही आणि ती उफाळून येण्याचे प्रसंग व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा कमी निघाले! स्नायू आकुंचला की लसीका पुढे सरकते, हे तर आपण वर पाहिलंच.

आणि आता ते सरकणं डोळ्यांना दिसतं. इंडोसायनिन ग्रीन नावाचा रंग बोटांच्या बेचकीत टोचतात आणि अवरक्त किरण टिपणारा कॅमेरा हातावर धरतात. पडद्यावर उजळ रेषा उमटतात, त्यांतून लसीकेचे ठिपके थांबत थांबत वर जाताना दिसतात. काखेची वाट बंद झालेल्या काही स्त्रियांमध्ये त्या रेषा वळून खांद्यावरून गळपट्टीच्या हाडाकडे जातात, काहींमध्ये छातीच्या मधल्या हाडाकडे. कोणत्या बाईच्या शरीराने कोणती नवी वाट काढली आहे हे आधी पाहून, फिजिओथेरपिस्ट आता मालिशची दिशा त्याप्रमाणे ठरवू लागले आहेत.